पॅरिसमध्ये निवांत पण उत्तम जेवायचं असेल तर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पॅरिसला निघालेल्या माणसाला जेवणाबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळतात. एकीकडे मिशलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शकाचे तारे, पांढरे टेबलक्लॉथ आणि तीन-चार तासांचं जेवण. दुसरीकडे 'सँडविच घ्या आणि नदीकाठी बसा'. या दोन्हींच्या मधलं पॅरिस सगळ्यात चविष्ट आहे: लाकडी टेबलं, खडूनं लिहिलेला फळा, जीन्समधले ग्राहक, आणि ताटात मोठ्या हॉटेलात शिकलेल्या माणसाचा हात. याला तिथे बिस्त्रोनोमी म्हणतात. १९९२ मध्ये इव्ह कांदबोर्द या शेफनं क्रियोंसारख्या आलिशान हॉटेलातली नोकरी सोडून १४व्या विभागात (पॅरिसचे भाग क्रमांकानं ओळखतात) 'ला रेगालाद' नावाचं साधं बिस्त्रो, म्हणजे छोटं भोजनगृह, उघडलं, तेव्हापासून ही पद्धत रुजली. झगमगाट काढून टाकायचा आणि वाचलेले पैसे मालात घालायचे, असा तो हिशेब होता.

असं जेवण हुकतं ते बहुतेक वेळा पैशांमुळे नाही. वेळ चुकते, बुकिंग राहून जातं किंवा मेन्यू कळत नाही, म्हणून हुकतं. या तीन गोष्टी जमल्या की बाकी सोपं आहे.

१. कोणत्या प्रकारच्या जागेत शिरताय ते ओळखा

बाहेरून सगळं सारखंच दिसतं: छत्री, गोल टेबल, वेताची खुर्ची. आत मात्र चार वेगळे धंदे चालतात.

कॅफे म्हणजे मुख्यतः कॉफी, वाइन आणि रस्त्याकडे बघत बसणं. जेवण मिळतं, पण स्वयंपाकघर बऱ्याचदा नावापुरतं असतं. इथे कॉफी प्या, जेवू नका.

ब्रासरी मोठी असते आणि बहुतेक ठिकाणी दिवसभर जेवण मिळतं. दुपारी चारला भूक लागली तर हीच कामी येते. दर्जा मात्र एका दारात उत्तम आणि पुढच्या दारात सुमार असतो.

बुईयों हा १९व्या शतकात कामगारांसाठी निघालेला स्वस्त, भव्य भोजनगृहाचा प्रकार. मध्यंतरी तो जवळजवळ संपला होता, आता पुन्हा जोरात आहे. तीन पदार्थ २५ युरोच्या आत होतात. जेवण साधं असतं, थोर नसतं, पण प्रामाणिक असतं.

बिस्त्रो, आणि त्याचं तरुण रूप निओ-बिस्त्रो, हे आपलं खरं लक्ष्य. तीस-चाळीस खुर्च्या, छोटा मेन्यू, ठरावीक वेळ. दुपारी २० ते ३० युरोत दोन-तीन पदार्थ मिळतात. रात्री वाइन सोडून ४५ ते ६५ युरो धरा. म्हणून पहिला नियम: चांगल्या बिस्त्रोत दुपारी जा. शेफ तोच, स्वयंपाकघर तेच, आणि खर्च जवळपास निम्मा. संध्याकाळ बुईयोंला किंवा वाइन बारला द्या.

२. निघण्याआधी काय तयार ठेवायचं

- आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर हे बंद असतं, बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावं लागतं. पिन पाठ ठेवा: नुसतं टेकवून पैसे देण्याची मर्यादा ५० युरो आहे.
- तीस-चाळीस युरो सुटे. काही छोट्या जागा ठरावीक रकमेच्या खाली कार्ड घेत नाहीत.
- फोनवर कॅमेऱ्यानं भाषांतर करणारं ॲप, फ्रेंच भाषा आधीच डाउनलोड करून. खडूचं तिरकं अक्षर ॲपला नीट वाचता येत नाही, त्यामुळे पदार्थांची काही नावं (सातव्या पायरीत दिली आहेत) डोळ्याखालून घालाच.
- तुम्ही काय खात नाही, ते फ्रेंचमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी. तोंडी सांगण्यापेक्षा ती वेटरच्या हातात द्यावी, म्हणजे तो आत स्वयंपाकघरात नेऊन दाखवतो.
- बुकिंगच्या ईमेलचा स्क्रीनशॉट.

३. घड्याळ आणि वार

सगळ्यात जास्त लोक इथेच अडखळतात. बिस्त्रोचं स्वयंपाकघर दुपारी १२ ते २ आणि रात्री साधारण साडेसात ते दहा चालतं. मधल्या वेळात चूल बंद. पावणेतीनला पोहोचलात, तर टेबलावर लोक बसलेले दिसतील, पण तुम्हाला जेवण मिळणार नाही, आणि त्यात तुमचा अपमान करायचा कोणाचा हेतू नसतो. दिवसभर जेवण देणाऱ्या जागेच्या काचेवर 'सेर्विस काँतिन्यू' लिहिलेलं असतं.

मग वार. कित्येक बिस्त्रो रविवार-सोमवार बंद असतात. आणि ज्यांची चर्चा सगळ्यात जास्त, अशा काही जागा चक्क शनिवार-रविवार बंद ठेवतात. फक्त वीकएंडला पॅरिसमध्ये असाल तर हे आधी बघा, नाहीतर यादीतली अर्धी नावं कामाची नाहीत.

ऑगस्ट हा वेगळाच विषय. मालकासकट सगळे सुट्टीवर जातात आणि दोन ते चार आठवडे दाराला कुलूप असतं. नकाशाच्या ॲपमध्ये 'चालू' दिसलं तरी विश्वास ठेवू नका, रेस्टॉरंटच्या इन्स्टाग्रामवर सुट्टीची पाटी सापडते.

४. टेबल बुक करा

दुपारसाठी दोन-तीन दिवस आधी, गुरुवार ते शनिवारच्या रात्रीसाठी एक-दोन आठवडे आधी. नावाजलेल्या जागांची बुकिंग उघडायची वेळ ठरलेली असते: 'सेप्तीम'सारख्या ठिकाणी तीन आठवडे आधी सकाळी बुकिंग उघडतं आणि बघता बघता भरतं. पॅरिसचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.

रेस्टॉरंटच्या स्वतःच्या वेबसाइटवरून बुक करा. तिथे बटण नसेल तर फोन करा. 'बोंझूर, झ वुद्रे रेझेर्वे' एवढं म्हटलं की बहुतेक वेळा समोरून इंग्रजी सुरू होतं. खाण्याचं पथ्य असेल तर ते याच वेळी सांगा. रात्री टेबलावर बसून सांगितलेलं पथ्य चार पदार्थांच्या मेन्यूत बसवणं शेफच्या हातात नसतं.

तीन सापळे लक्षात ठेवा. एक, कार्डाचा नंबर मागतात. तो पैसे कापायला नसतो, न आल्यास दंड घ्यायला असतो. रद्द करायचं तर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आधी करा. दोन, आदल्या दिवशी 'येताय ना?' असा मेसेज येतो. उत्तर दिलं नाही तर टेबल दुसऱ्याला जाऊ शकतं. भारतीय नंबर बंद करून फ्रान्सचं सिम घातलेल्यांची इथे पंचाईत होते, म्हणून ईमेल तपासत राहा. तीन, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर फोन करा. रात्री दोन पंगती असतील तर साडेसातचं टेबल साडेनऊला रिकामं करून द्यावं लागतं. निवांत बसायचं असेल तर दुसरी पंगत घ्या.

बुकिंग नाहीच मिळालं, तर दार उघडताच, म्हणजे दुपारी बाराला किंवा रात्री सव्वासातला जाऊन बारजवळची जागा मागा. दोघांना बऱ्याचदा मिळते, चौघांना सहसा नाही.

५. दाराबाहेर उभं राहून वाचा

फ्रान्समध्ये मेन्यू आणि किमती जेवणाच्या वेळी बाहेर लावणं बंधनकारक आहे. आत शिरण्याआधी दोन मिनिटं तिथे खर्च करा.

चांगली चिन्हं: खडूचा फळा, चार-पाच सुरुवातीचे पदार्थ, तितकेच मुख्य, तितकीच गोडं, आणि ऋतूला धरून माल. मेमध्ये शतावरी दिसावी, ऑक्टोबरमध्ये अळंबी. खोडून टाकलेला एखादा पदार्थ दिसला तर उत्तमच, म्हणजे आणलेला माल संपला.

वाईट चिन्हं: पदार्थांचे फोटो, सहा भाषांतला मेन्यू, पिझ्झापासून कांद्याच्या सूपपर्यंत साठ पदार्थ, आणि दारात उभा राहून बोलावणारा माणूस. लॅटिन क्वार्टरमधली 'र्यु द ला उशेत' ही गल्ली आणि मोंमार्त्रवरचा 'प्लास द्यु तेर्त्र' हा चौक बघायला जा, जेवायला दहा मिनिटं लांब चालत जा.

काचेवरच्या चिकटपट्ट्यांबद्दल थोडं. घराचं छप्पर असलेल्या पातेल्याचं चित्र म्हणजे 'फे मेझों', तिथेच शिजवलेलं. हा शिक्का २०१४ पासून आहे, पण कच्चा माल गोठवलेला चालतो, हे त्यात दिसत नाही. 'मेत्र रेस्तोरातर' हा २००७ पासूनचा सरकारी किताब त्याहून कडक, कारण त्यासाठी तपासणी होते. 'बिब गुरमाँ' हा मिशलिनचा १९९७ पासूनचा शिक्का वाजवी किमतीत चांगलं जेवण देणाऱ्यांना मिळतो, आणि आपल्या कामासाठी ताऱ्यांपेक्षा तोच उपयोगी. 'ल फूडिंग' हे २००० साली निघालेलं फ्रेंच मार्गदर्शक तरुण बिस्त्रोंसाठी चांगलं आहे. पर्यटकांच्या साइटवरचे हजारो पंचतारांकित अभिप्राय मात्र जेवणापेक्षा ठिकाण आयफेल टॉवरच्या किती जवळ आहे, यावर जास्त बोलतात.

६. आत शिरल्यावर

आधी 'बोंझूर', संध्याकाळी 'बोंस्वार'. हे न म्हणता थेट 'टेबल फॉर टू' म्हटलं की सुरुवातच कोरडी होते. वेटर फटकळ वाटला, तर निम्म्या वेळा कारण हेच असतं. उभे राहा, जागा दाखवू द्या. टेबलं एकमेकांना खेटून असतात. आत बसायचं तर वेटर टेबल ओढून देतो, स्वतः सरकवू नका. 'गार्सों' अशी हाक आता कोणी मारत नाही, 'मस्य' किंवा 'मादाम' म्हणा.

'मन्यू' मागितलात तर ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण असा अर्थ होतो. पदार्थांची यादी हवी असेल तर 'ला कार्त' म्हणा. 'फोर्म्युल' म्हणजे दोन पदार्थांचा सौदा: सुरुवातीचा आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड. अमेरिकन मेन्यूची सवय असलेल्यांनी सांभाळा, इथे 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ आणि मुख्य तो 'प्ला'. दोघांत एक मुख्य पदार्थ वाटून घेणं बिस्त्रोत रुचत नाही. वाटून खायचं असेल तर छोट्या थाळ्या देणाऱ्या वाइन बारमध्ये जा.

७. पदार्थांची नावं: इथे गडबड होते

ही पायरी घाईत वाचू नका. आपल्यापैकी अनेकांचं कशा ना कशाचं पथ्य असतं, आणि फ्रेंच फळ्यावर प्राण्याचं नाव बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

गोमांस टाळणाऱ्यांनी फक्त 'बफ' हा शब्द शोधून भागत नाही. आंत्रकोत, बाव्हेत, ओंग्ले, फो-फिले, पाव्हे ही सगळी सहसा गाईच्या मांसाच्या तुकड्यांची नावं. बुर्गिन्यों आणि पोतोफ म्हणजे तेच शिजवून. 'आशी पार्मांतिए'मध्ये वरून बटाट्याचा थर दिसतो, खाली बहुतेक वेळा गोमांसाचा खिमा असतो. तार्तार नुसतं लिहिलं असेल तर कच्चं गोमांस, पुढे 'सोमों' असेल तर कच्चा सामन मासा. 'व्हो' म्हणजे वासरू.

डुकराचं मांस टाळणाऱ्यांचा शत्रू म्हणजे 'लार्दों', मिठातल्या चरबीदार मांसाचे बारीक तुकडे. ते सॅलडमध्ये, 'किश' या खाऱ्या टार्टमध्ये, डाळीत, अगदी भाजीतही असतात. जांबों, सोसिसों, शार्क्युतरी, कोशों हे शब्दही पाठ असू द्या.

चवीचे धक्के वेगळे. 'री द व्हो' ऐकायला भातासारखं वाटतं ('री' म्हणजे भातही), पण ती वासराची एक ग्रंथी आहे (खाणारे तिच्यावर जीव टाकतात, तो भाग निराळा). आंदुइयेत हे आतड्यांचं सॉसेज, टेबलावर येण्याआधी त्याचा वास येतो. रोन्यों म्हणजे मूत्रपिंड, बुदें न्वार म्हणजे रक्ताचं सॉसेज. ज्याला हे आवडतं त्याला पॅरिसच्या बिस्त्रोत स्वर्ग आहे, ज्याला माहीत नसतं त्याची रात्र वाया जाते.

मांस कितपत भाजायचं हे विचारतातच. 'ब्ल' जवळपास कच्चं, 'सेन्याँ' रक्ताळ, 'आ प्वाँ' म्हणजे आतून अजून गुलाबी. आपल्याला 'नीट भाजलेलं' हवं असेल तर 'ब्याँ क्वी' म्हणा, नाहीतर परत पाठवायची वेळ येते.

शाकाहारींसाठी पॅरिस पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही, पण जुन्या धाटणीच्या बिस्त्रोत आजही एखादाच पर्याय असतो. चिठ्ठीवर लिहायचं ते असं: मांस नाही, मासे नाहीत, चिकन नाही, लार्दों नाही, मांसाचा रस्सा नाही. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण कांद्याचं सूप बहुधा गाईच्या हाडांच्या रश्श्यात बनतं. गोडात जिलेटिन आहे का ते विचारा. निर्धास्त मागवण्यासारखं: लीक ही कांद्याच्या जातीची भाजी व्हिनेग्रेटमध्ये (तेल-व्हिनेगरच्या मिश्रणात), अंडं चालत असेल तर मेयोनेजमधली उकडलेली अंडी, गरम केलेल्या बकरीच्या चीजचं सॅलड (लार्दोंशिवाय, हे बोलून), आणि क्रेपरीतली (फ्रेंच धिरड्यांच्या दुकानातली) कुट्टूच्या पिठाची 'गालेत'. गालेत 'काँप्लेत' मागवू नका, तिच्यात हॅम असतं. निओ-बिस्त्रोमध्ये बुकिंगच्या वेळी सांगितलं तर शेफ भाज्यांचा वेगळा बेत आखतात, आणि तो मुख्य मेन्यूइतकाच विचार करून केलेला असतो. युरोपीय कायद्यानुसार १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे. शेंगदाणे, तीळ, मोहरी त्या यादीत आहेत. विचारायला संकोच नको.

गोड सोडू नका. पारी-ब्रेस्त हे चाकाच्या आकाराचं, हेझलनटच्या क्रीमनं भरलेलं प्रकरण त्या नावाच्या सायकल शर्यतीवरून आलंय. रि-ओ-ले हा दुधातला भात, आपल्या खिरीचा घट्ट आणि थंड भाऊ. चीज घेणार असाल तर ते गोडाच्या आधी येतं. कॉफी गोडानंतर, सोबत नाही, आणि दूध न घातलेली.

८. पाणी आणि पाव

'ऊन कराफ द'ओ' म्हणा: नळाचं पाणी आणि पाव जेवणासोबत फुकट असतात. नुसतं 'वॉटर' म्हटलं की बाटली येते आणि पाच-सात युरो लागतात. वाइन ग्लासनं मागवा किंवा 'पिशे'नं, म्हणजे पाव लिटर किंवा अर्ध्या लिटरच्या सुरईनं. बाटलीच्या मानाने स्वस्त पडते. न पिणाऱ्यांना कोणी आग्रह करत नाही.

९. बिल

मागितल्याशिवाय बिल येत नाही. वेटर विसरलेला नसतो, तुम्हाला उठवणं तिथे असभ्य समजतात. 'लादिस्यों, सिल व्हू प्ले' म्हणा.

मेन्यूवरच्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात. बिलावर 'सेर्विस काँप्री' असं लिहिलेलं दिसेल. त्यावर टिप देणं बंधनकारक नाही. जेवण आवडलं तर दोन-पाच युरो टेबलावर ठेवतात. अलीकडे पर्यटकी भागांत कार्डाच्या यंत्रावर १०, १५, २० टक्के असे पर्याय येतात आणि 'सेवा धरलेली नाही' असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. शून्य निवडा आणि पुढे चला. यंत्र रुपयांत पैसे घेऊ का विचारेल, युरोच निवडा. रुपयांचा दर त्यांचा असतो आणि तोट्याचा असतो.

उरलेलं अन्न बांधून मागता येतं. २०२१ पासून डबा देणं रेस्टॉरंटला बंधनकारक आहे.

१०. सुरुवात कुठून करायची

११व्या विभागापासून करा. 'शारोन' मेट्रो स्टेशनच्या आसपास पंधरा मिनिटांच्या चालीत जितकी चांगली बिस्त्रो आहेत, तितकी नदीच्या पलीकडे शोधावी लागतात. 'बिस्त्रो पॉल बेर' इथलं, फेदेर्ब-शालिन्यी स्टेशनपासून जवळ: जुन्या वळणाचं जेवण आणि नावाजलेलं पारी-ब्रेस्त. सेप्तीमचं टेबल मिळालं नाही तर शेजारीच त्यांचं 'क्लामातो' आहे. माशांच्या छोट्या थाळ्या, बुकिंग नाही, उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं. सातव्या विभागातलं 'शे लामी झाँ' गोंगाटाचं, भरपेट, आणि तिथला रि-ओ-ले भल्यामोठ्या वाडग्यात येतो. बेलव्हिलमधलं 'ल बाराताँ' फळ्यावरच्या मेन्यूसाठी आणि वाइनसाठी.

बुईयोंमध्ये 'शार्तिए' सर्वांत जुनं, १८९६ पासून, ग्राँ बुलव्हार स्टेशनच्या बाजूला एका अंगणात आत. वेटर तुमची ऑर्डर टेबलावरच्या कागदावरच लिहितो आणि बेरीजही तिथेच करतो. अनोळखी माणसांसोबत एकाच टेबलावर बसवतात, हे धरून चला. 'बुईयों पिगाल' २०१७ चं आणि 'बुईयों रेपुब्लिक' २०२१ चं. जेवणाच्या बाबतीत ही दोन्ही शार्तिएपेक्षा सरस. रविवारी रात्री किंवा ऑगस्टमध्ये, बाकी शटर खाली असताना, हीच उघडी सापडतात. रांग लांब दिसली तरी खोल्या मोठ्या आहेत, भराभर सरकते. साडेसहाला गेलात तर बहुधा थांबावंही लागत नाही.